एक थेंबही न गळणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जुना म्हणजे वयाने फार नाही, उणीपुरी दीड वर्षं. पण शाळेच्या डब्याचं वय माणसासारखं मोजत नाहीत. निळं झाकण, आत चार कप्पे, झाकणाला चारी बाजूंनी चार क्लिपा आणि कडेने रबराची पट्टी. अंगावर ओरखडे आहेत आणि डोक्यात गोंधळ आहे. ओरखडे कसे पडले ते मी सांगू शकेन. गोंधळाचं मात्र तुम्हीच बघा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी माझ्यात पाणी भरलं, मला उलटं धरलं, गदागदा हलवलं आणि मागच्या जन्मीचं वैर असल्यासारखं आपटलं. एक थेंब गळला नाही. "हा गडी पक्का," त्या शेजारणीला म्हणाल्या. "याच्या पोटातलं कुणी काढून दाखवावं!" जन्मल्या जन्मल्या असं प्रशस्तिपत्र तुमच्यापैकी किती जणांना मिळालं? मी तेव्हापासून ताठ मानेने वावरू लागलो. डब्याला मान नसते, हे मला ठाऊक आहे.

मला एका मुलीच्या बाबांनी विकत घेतलं. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. त्यांची बायको रुग्णालयात परिचारिका होती आणि सकाळच्या पाळीसाठी लवकर घर सोडायची, म्हणून लेकीचा डबा बाबांकडे आला. लेक सहा वर्षांची. अंगाने एवढीशी, म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणत.

शाळेच्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मुंगी मला घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी क्लिपा ओढल्या, नख दुखवून घेतलं आणि शेवटी फूटपट्टी घालून मला उघडलं. "बाई गं, काय घट्ट डबा!" त्या म्हणाल्या. "आणि तू गं, एवढी घोडी झालीस, स्वतःचा डबा उघडता येत नाही?" सगळा वर्ग हसला. कोण कुणाला का हसलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी आपला 'घट्ट' हा शब्द तेवढा काळजात जपून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मुंगी बाईंकडे गेली नाही. ती मला बाकाखाली मांडीवर घ्यायची, माझ्या क्लिपांवरून बोटं फिरवायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "मला भूक नाही." इतकी माया आजवर मला कुणी लावली नव्हती. पण ही मला कुरवाळते रोज आणि जेवत मात्र नाही, हे काही माझ्या झाकणात शिरेना.

संध्याकाळी बाबा अंगठ्याच्या एका दाबाने मला उघडत आणि आत बघून त्यांचं तोंड उतरे.

"मुंगे, आज काय बिघडलं? गाजर?"

"नाही."

"मग अंडं?"

"अंडं छान होतं."

"खाल्लंच नाहीस तर छान कसं कळलं?"

"तुम्ही सकाळी भरलंत तेव्हा पाहिलं ना!"

आईने गाजराचा एक तुकडा उचलला. "तू गाजर चिरतोस की ओंडके फोडतोस? लहान तोंड आहे तिचं."

मग बाबांनी कंबर कसली. गाजराच्या चांदण्या झाल्या, काकडीच्या चकत्या झाल्या. एका पुस्तिकेत वाचून ते एका डब्यात पाच रंग भरू लागले. लाल डाळिंबाचे दाणे, पिवळा मका, हिरवे वाटाणे, पांढरं दही, आणि पाचवा रंग सापडला नाही त्या दिवशी जांभळा कोबी. भिंगं घासणारा तो माणूस मटारचा दाणा न् दाणा उजेडात धरून निवडायचा. मी रोज सजून जायचो आणि रोज तसाच परत यायचो. दह्याचा थेंबसुद्धा मी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. माझ्या कामात कसूर काढायला जागा नव्हती, आणि तरी घरात सगळे कष्टी.

एक दिवस मैदानावर मुंगीला चक्कर आली. शाळेतून चिठ्ठी आली: 'पाल्यास डब्यात विविध व पौष्टिक पदार्थ द्यावेत.' बाबांनी ती चार वेळा वाचली. "आता काय मी मोर कापून घालू?" ते म्हणाले. आईने मुंगीला वजनकाट्यावर उभं केलं. दीड किलो उतरलं होतं. आई काट्याकडे बघत राहिली. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करणारी ती बाई, काटा बिघडलाय का म्हणून स्वतः त्यावर चढली. काटा बरोबर होता.

त्याच आठवड्यात आजोबा राहायला आले. ते निवृत्त टंकलेखक. जन्मभर यंत्र बडवून आणि मग संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे. संध्याकाळी मुंगीने मला ओट्यावर ठेवलं तसे ते म्हणाले, "भरलेलाच आलाय? आण, मी संपवतो."

त्यांनी एक क्लिप ओढली. मग दुसरी. मग मला गुडघ्यांत दाबून धरलं. "अरे, हा डबा आहे की तिजोरी?" मी सुखावलो. मुंगी टक लावून बघत होती.

"आजोबा, तुम्हालासुद्धा येत नाही?"

"नाही बुवा."

"पण तुम्ही तर मोठे आहात."

"मोठ्यांना खूप गोष्टी येत नाहीत, मुंगे. माझ्या न येणाऱ्या गोष्टी तुझ्या आजीला तोंडपाठ होत्या."

मुंगी त्यांच्याजवळ सरकली. "मलापण येत नाही," ती हळूच म्हणाली.

आजोबांचे हात थांबले. "कधीपासून गं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मला दोघांच्या मधे धरलं. "धर त्या बाजूने," ते म्हणाले. दोघांनी मिळून ओढलं आणि मी फट्कन उघडलो. मुंगीने तिथेच उभ्याने अंडं खाल्लं, मऊ पडलेल्या चांदण्या खाल्ल्या, दही बोटाने चाटून घेतलं. आजोबांच्या वाट्याला काही उरलं नाही, तरी त्यांना वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर बाबांना कळलं. ते बराच वेळ मला मिटत राहिले, उघडत राहिले. "मी रोज उघडत होतो," ते आईला म्हणाले. "अंगठ्याने."

नवा डबा घेताना त्यांनी दुकानात मुंगीकडून तो दहा वेळा उघडून घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा थोडा गळतो हं." बाबा म्हणाले, "गळू दे." तो गळतो. दप्तर भिजवतो, वह्यांवर नकाशे काढतो, आणि रोज रिकामा परत येतो. घरात त्याचं कौतुक चालतं. हा उलटा न्याय मी फडताळात बसून समजून घेतोय. पुरता समजलाय असं म्हणवत नाही. मित्रांनो, डब्यात काय भरायचं याचा विचार जरूर करा, रंग मोजा, चांदण्या कापा. पण त्याआधी एकदा भरलेला, बंद डबा पोराच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहून बघा. हे माझ्यासारख्या घट्ट डब्याने सांगावं, यावरून काय ते ओळखा.

आता मुंगी अधूनमधून फडताळ उघडते, मला खाली काढते आणि क्लिपांशी झटते. परवा पहिली निघाली, मग दुसरी, मग राहिलेल्या दोन्ही. तिने आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. तरी ती जेवल्यासारखी हसली, मला मिटलं आणि खेळायला पळाली.