खालच्या माणसाचा आवाज

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. गोष्ट लहान आहे, पण ओरडून सांगण्यासारखी नाही. एका आईची, तिच्या लेकीची आणि छताच्या एका दिव्याची गोष्ट. तुम्ही नुसते कान द्या, बाकी देव बघून घेईल.

घर दुसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीच्या छताला मधोमध काचेच्या वाटीचा दिवा होता. एके दिवशी तो मिचमिचायला लागला. आईने बल्ब बदलला. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग एका दुपारी, बटण बंद असताना, वाटीतून 'चट्' असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

लेक वायरमन होती. परीक्षा पास होऊन तिला वर्ष झालं होतं. जगाच्या घरी दिवे लावायची आणि स्वतःच्या घरी टेबलावरच्या दिव्यात जेवायची, कारण आई तिला शिडीला हात लावू देत नव्हती.

"शेजारी शिंपीकाकांकडे झुंबर लावलं मी. तेव्हा नाही घाबरलीस?"

"तेव्हा मला सांगितलंस कुठे? लावून आल्यावर सांगितलंस."

आईची भीती उगाच नव्हती. तिचा नवराही वायरमन. नऊ वर्षांपूर्वी असाच एका छताखाली शिडीवर उभा होता. खाली मेन स्विचपाशी राखणीला ठेवलेला माणूस 'आलोच' म्हणून चहाला गेला. तेवढ्यात कुणाला तरी पाण्याचा पंप चालू करायचा होता. त्याला खटका पडलेला दिसला, त्याने तो वर केला. त्या माणसाचा चहा गार व्हायच्या आत इकडे संसार गार झाला.

पण वास काही जाईना. रविवारी दुपारी लेकीने आईला न विचारता शिडी लावली, वाटी उतरवली आणि होल्डरला टेस्टर टेकवला. बटण बंद, तरी टेस्टर पेटला.

"बघ. कुणीतरी तारा उलट्या जोडल्यात. बटण नुसतं शोभेला. दिवा विझतो, पण तार जिवंतच राहते. आणि हे बघ." तिने टेस्टरच्या टोकाने तारेला जरासं डिवचलं. वरचं आवरण वाळक्या पानासारखं चुरून खाली पडलं. "असंच ठेवलं तर छत पेटेल, आई. आपण झोपेत असू."

इकडे आड, तिकडे विहीर.

"घरातला मेन पाड," ती म्हणाली.

"पाडला. तरी पेटतोय टेस्टर. तो मेन आतून जळालाय. खाली मीटरच्या पेटीतूनच बंद करावं लागेल."

खालच्या पेटीत एका मजल्याला एकच खटका होता, त्यामुळे शिंप्याचं घरही अंधारात जाणार. पेटीचा कोयंडा तुटलेला, कुलूप लावायची सोय नाही. जिन्याखाली फोनला रेंज नाही. लेक शिडीवरून उतरून शेजारी जाऊन आली. मग हळूच म्हणाली, "बाबांचा नियम आठवतो तुला?"

न आठवायला काय झालं? नवी नवरी असताना आई त्याच्याबरोबर कामाला जायची. 'खाली माणूस हवा, आणि त्याचं तोंड चालू हवं,' असं तो म्हणायचा. 'गाणं ऐकू येतंय तोवर मी तारेला हात लावीन. गाणं थांबलं की हात काढीन.' ती खाली उभी राहून देवाचं गायची, आणि तो वर तारा जोडायचा. पुढे लेक झाली, घर वाढलं, आईचं जाणं सुटलं. तो गेला त्या दिवशी खाली कुणी गात नव्हतं.

"शिंपीकाकांना सांगितलंय, पंधरा मिनिटं," लेक म्हणाली. "बाकी तू आहेस."

आई खाली गेली. खटका पाडला, तळहात त्याच्यावर ठेवला. "पाडलाऽऽ!" असं वर ओरडली आणि डोळे मिटून सुरू झाली:

"दे रे देवा हात, उजळू दे वात..."

आवाज जिन्यातून फिरत वर गेला. नऊ वर्षांत ती मोठ्याने गायली नव्हती. गळा गंजलेला, पण सूर जागेवर होता. एक ओळ, दोन ओळी, मग पुन्हा पहिली. पंधरा मिनिटं झाली. वरून लेक ओरडली, "स्क्रू गंजलेत! अजून थोडं!" वीस झाली. तीस झाली. घशाला कोरड पडली. थुंकी गिळायला थांबावं तरी भीती, कारण तेवढ्यात लेकीचा हात कुठे असेल कोण जाणे.

पस्तिसाव्या मिनिटाला पायऱ्यांवर चपला वाजल्या. शिंपी तणतणत उतरला.

"वहिनी, पंधरा मिनिटं म्हणाली होती पोरगी! इस्त्री गार, मशीन बंद, आणि सहाला गिऱ्हाईक दारात. हटा बघू."

आता बोलायचं कसं? बोलायला थांबलं तर गाणं थांबणार, आणि न बोलावं तर हा खटका उचलणार. आईने त्याच चालीवर शब्द बदलले:

"शिंपीभाऊ, थांबा थोडं, हात मागे घ्याऽऽ
शिडीवरती लेक माझी, थोडा वेळ द्याऽऽ"

शिंप्याचा वासलेला आ तसाच राहिला. "अहो, मी काय बोलतोय आणि तुम्ही काय गाताय? डोक्यावर परिणाम झालाय का?"

"डोकं माझं ठिकाणावर, जीव माझा वरऽऽ
गाणं थांबता घात होई, एवढी दया करऽऽ"

"अरेतुरेवर आल्या!" शिंपी म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

तेवढ्यात आईला ठसका लागला. एक, दोन, मग उबळच. सूर तुटला. जिना गप्प झाला.

ती गप्प झालेली जागा कशी सांगू तुम्हाला? आईला पेटी दिसेना, शिंपी दिसेना. दिसलं ते नऊ वर्षांपूर्वीचं दार आणि त्यातून आत आणलेली चादर. पोरीने हात काढला असेल का? की 'एवढा एक स्क्रू' म्हणून तसाच ठेवला असेल? तिने दोन्ही हातांनी खटका दाबून धरला. शिंप्याचा रुंद पंजा तिच्या हातांवर आला. झालं, आता हा उचलणार.

पंजाने खटका उचलला नाही. पंजाने तो खालीच दाबून धरला. शिंप्याला आत्ता उमगलं होतं. वायरमनच्या तिरडीला त्यानेही खांदा दिला होता.

"दे रे देवा हाऽऽत..." शिंपी गायला लागला. गाणं कसलं, कोरडा रहाटच तो. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे, आणि घामाने चेहरा डबडबलेला.

वरून घाबरा आवाज आला, "आई! कोण आहे ते? ठीक आहेस ना?"

"आहेऽऽ!" आई कशीबशी ओरडली. "शिंपीभाऊ आहेत! खटका खालीच आहे!"

"मी हात काढलेत! आधी दम घे, मग गा!"

आता कुठे आई पायरीवर बसली, पण हात खटक्यावरच ठेवून. मग दोघंही गायले, ती सुरात आणि तो त्याच्या रीतीने, आणखी दहा मिनिटं.

"झालं! लाव!"

आईने खटका उचलला नाही.

"लाव गं आई!"

"आधी खाली ये."

लेक धावत आली, केसांत छताचा चुना. आईने तिचे हात धरले आणि एकेक बोट चाचपलं. दहा. पुन्हा मोजली. दहाच. मग म्हणाली, "आता तू लाव."

लेकीने खटका उचलला. वर कुठेतरी शिंप्याचं मशीन गुरगुरलं.

"गिऱ्हाइकाला काय सांगू आता?" शिंपी घाम पुसत म्हणाला.

"सांगा, गायला गेलो होतो," लेक म्हणाली.

"विश्वास बसेल का कुणाचा?"

"गाऊन दाखवू नका म्हणजे बसेल," आई म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दिवा लागला. अजून लागतो. पण बाबांनो, आज घरी जाल, सवयीने बटण दाबाल, डोक्यावर उजेड पडेल, तेव्हा एक करा. ज्याच्यासाठी खाली कुणी गायलं नाही, त्या वायरमनची क्षणभर आठवण काढा.