चित्रांखालच्या पट्ट्या

चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही मला वाचता येत नव्हतं. बाइंडरला वाचावं लागत नाही. पानांवरचे आकडे ओळीनं लागले की झालं, आणि आकडे मला येत होते. कण्यावर सोनेरी अक्षरं ठोकायची असली की मालकांच्या चिठ्ठीवरचे आकार बघायचे आणि खणातून तसेच ठसे काढून जुळवायचे. एकदा एक ठसा उलटा बसला, तेव्हा मी डोळ्यांवर ढकललं. मालकांनी पदरमोड करून मला चष्मा करून दिला. तो मी अकरा वर्षं वापरला, गरज नसताना.

दुकानात रद्दीचा ढीग कायम असायचा. छपाईत बिघडलेले ताव, दोनदा आलेली पानं, बांधायला आलेल्या मासिकांचे जादा अंक. मालक म्हणायचे, हवं ते ने. मी त्यातून हत्यारांची चित्रं कापायचो. सुताराचा रांधा, पटाशी, गवंड्याचा ओळंबा, चांभाराची रापी, लोहाराची सांडशी. बाकीचं पान माझ्याशी बोलत नसे. हत्यार मात्र बघितलं की कुठं धरायचं, जोर कुठं लावायचा, बोट कुठं सांभाळायचं, सगळं कळायचं. सव्वीस वर्षांत तीनशे बारा चित्रं झाली. ती जाड कागदावर चिकटवून मी त्यांचे तीन खंड बांधले. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, ही तीन तेवढी माझी. कणा चामड्याचा, शिवण दुहेरी. कुठलंही पान उघडा, टेबलावर सपाट पडणार.

अक्षरं शिकलो ती साठीला, शेजारच्या निवृत्त पोस्टमनकडून. त्यानं आयुष्यभर लोकांना त्यांची पत्रं वाचून दाखवलेली, त्यामुळे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला माझं गुपित कळलं. "पेपर धरून बसतोस ते ठीक आहे," म्हणाला, "पण निदान फोटोतल्या माणसाचं डोकं वर ठेवत जा." दुसऱ्या दिवसापासून त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी शाळा सुरू झाली.

ती तीन पुस्तकं आमच्या सूनबाईच्या हाती लागली दोन वर्षांपूर्वी. ती नकाशांच्या कचेरीत असते. जुने कागद स्कॅन करण्यातच तिचा दिवस जातो. "बाबा, हे कपाटात दडवून काय ठेवलंय," म्हणाली, आणि दर रविवारी चार-पाच चित्रं इंटरनेटवर चढवू लागली. पानाला नाव दिलं 'बाइंडरची हत्यारं'. लोक बघायला लागले. कुणी लिहायचं, आमच्या आजोबांकडे अशीच कानस होती. कुणी विचारायचं, हे कशाला वापरतात. आधी मी उत्तर सांगायचो आणि ती टाइप करायची. पुढं मीच एका बोटानं टाइप करू लागलो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा नाद लागला.

एका रविवारी सकाळी एका बाईंचा मेसेज आला. सूनबाईनं तो आधी वाचला, मग फोन माझ्यापुढं धरला. "तुम्हीच वाचा."

मला वाचायला वेळ लागतो. बाईंनी लिहिलं होतं की सत्तेचाळीस नंबरचा फोटो, रांधा धरलेले दोन हात आणि त्यातून निघणारा लाकडाचा लांब पापुद्रा, हा त्यांच्या वडिलांनी काढलेला आहे. वडील कारागिरांच्या एका मासिकासाठी फोटो काढत. मासिक केव्हाच बंद पडलं, आणि घरात पाणी शिरलं तेव्हा निगेटिव्ह गेल्या. आता हत्यारं विकणारी एक कंपनी तोच फोटो खोक्यांवर छापते आहे. जाब विचारला तर कंपनी म्हणते, हा फोटो बेवारशी आहे, इंटरनेटवर कुणाच्याही नावाशिवाय फिरतोय. दाखला म्हणून त्यांच्या वकिलानं आमच्याच पानाचा पत्ता दिला होता.

"म्हणजे आपण चोर," मी म्हणालो.

"चोर नाही. पण आपण कुणाला विचारलं नाही," सूनबाई म्हणाली. "कचेरीत एक नकाशा बाहेर द्यायचा तर मी तीन सह्या घेते. घरात मात्र सासऱ्यांचं आहे म्हटलं की झालं."

"आहेच माझं. मालकांनी दिलेले कागद आहेत."

"कागद तुमचे, बाबा. फोटो ज्यानं काढला त्याचा. कपाटात ठेवा, पाहुण्यांना दाखवा, कुणी काही म्हणणार नाही. साऱ्या जगापुढं मांडायचं तर त्याला विचारावं लागतं."

"तीनशे बारा जणांना?"

"तितके नसतील. एकेकाचे दहा-वीस असतील. पण विचारायचं कुणाला? मासिकात फोटोखाली नाव छापतात. तुमच्या एकाही चित्राखाली नाही."

मी पहिला खंड काढून बघत बसलो. खरंच नव्हतं. चित्राखाली एक बारीक काळी ओळ असायची, ती मला आठवत होती. ती मी कापायचो, प्रत्येक चित्राची. मला ती कडेला लागलेल्या मळासारखी दिसायची. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून काढून टाकायचो, आणि आपण किती नेटकं कापतो याचा वर अभिमान.

सूनबाईनं त्याच तासाला पान बंद केलं. दुपारी बाईंचा फोन आला.

"काका, तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "वडील ब्याऐंशीचे आहेत. माझं नाव फोटोखाली छापून यायचं, एवढंच सारखं म्हणतात. पण एक अंक मिळेल तर शपथ. तीन वाचनालयं पालथी घातली. तुमच्याकडे ते मूळ पान आहे का? कंपनीला उत्तर द्यायला अठरा दिवस उरलेत."

"चित्र आहे. खालची पट्टी कापलेली आहे."

"कुणी कापली?"

"मीच."

त्यांनी विचारलं, "आणि ते तुकडे?"

"गेले असतील रद्दीत," मी म्हणालो.

हे खोटं होतं. बाइंडर कागदाचा तुकडा रद्दीत टाकत नाही. पुस्तकाच्या कण्यावर आधी सरस लावतात, त्यावर कागदाच्या पट्ट्यांचे थर, आणि मग वरून चामडं. मापाच्या लहान पट्ट्या त्या कामाला उत्तम. माझ्या तिन्ही पुस्तकांच्या कण्यांत मी चित्रांखालून कापलेल्या पट्ट्याच घातल्या होत्या. म्हणजे ती नावं गेली नव्हती, चामड्याखाली होती. बघायची तर चामडं सोलायचं, सरस भिजवायचा, शिवण सैल करायची. म्हणजे पुस्तकं मोडायची. माझे हात आता पूर्वीचे नाहीत. एकदा मोडलेलं पुन्हा तसंच बांधता येईल याची खात्री नव्हती.

संध्याकाळी पोस्टमनकडे जाऊन सगळं सांगितलं.

"किती दिवस म्हणालास?"

"अठरा."

"मग वीस दिवस गप्प बस. प्रश्न मिटला."

"थट्टा नको."

"थट्टा कुठं करतोय? तू तेच करायला निघालायस. मी नुसती तारीख काढून दिली." त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मला एक सांग, तू बांधलेल्या पुस्तकांवर तुझं नाव कुठं असायचं?"

"नसायचं. पुठ्ठ्याच्या आतून दुकानाचं लेबल. ते मीच चिकटवायचो."

"वाकडं चिकटवलंस का कधी?"

"दोन-तीनदा."

"चुकून?"

"नाही," मी म्हणालो.

तो हसला आणि चहा प्यायला लागला. पत्ता पुसला म्हणून एखादं पत्र परत पाठवावं लागलं तर या माणसाला त्या दिवशी जेवण जात नसे, हे त्याच्या बायकोनं मला सांगितलेलं आहे. त्यानं मला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

सकाळी मी सूनबाईला म्हणालो, "काल फोनवर मी खोटं बोललो."

"ते कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवता. कुठं आहेत पट्ट्या?"

मी सांगितलं. ती पुस्तकाच्या कण्यावरून बोट फिरवत राहिली. "बाबा, मी तुम्हाला मोडा म्हणणार नाही," म्हणाली, आणि कामावर जाण्याऐवजी सुट्टी टाकली.

सत्तेचाळीस नंबर पहिल्या खंडातला, म्हणून तोच आधी घेतला. चामडं एका बाजूनं सोललं. जुना सरस काचेसारखा कडक होतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेली फडक्याची घडी ठेवायची आणि थांबायचं. घाई केली की कागद फाटतो. दुपारपर्यंत एकेक पट्टी सुटायला लागली. मी पातळ सुरीनं उचलायचो, सूनबाई टीपकागदावर मांडायची. काहींची शाई उतरली होती, काही अर्ध्यात फाटल्या. साठ-सत्तर नीट वाचता येत होत्या. त्यांत रांध्याची नव्हती.

"दुसऱ्या पुस्तकात असेल," सूनबाई म्हणाली.

"किंवा दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात. पट्ट्या उरल्या की हाताखाली जे काम असेल त्यात घालायचो."

दुसरा खंड दोन दिवसांनी मोडला. त्यातही नव्हती. तिसरा माझा सगळ्यात सुबक. तो मी रात्रभर उशाशी ठेवला आणि सकाळी स्वतःच पाणी कोमट करायला ठेवलं. पहिली चीर देताना सुरी घसरली आणि चामड्यावर ओरखडा उठला. सूनबाईनं तो पाहिला आणि दिवा जवळ ओढला.

चौथ्या थरात पट्टी सापडली. फोटो कापताना माझी कात्री शेवटाला डावीकडे घसरायची, म्हणून पट्टीच्या वरच्या कडेला फोटोचा केसभर भाग राहून गेला होता. लाकडाच्या पापुद्र्याचं टोक. सत्तेचाळीस नंबरच्या चित्राखाली पट्टी धरली तर पापुद्रा पुरा झाला, जमिनीपर्यंत पोचला. इतकी वर्षं तो अधांतरी लोंबत होता आणि ते मला कधी दिसलं नव्हतं.

पट्टी मी वाचली. सूनबाईनं मध्ये तोंड घातलं नाही. 'छायाचित्र', आणि पुढं बाईंच्या वडिलांचं नाव. त्याच्यानंतर 'हात', आणि एका सुताराचं नाव. ते हात मी तीस वर्षं बघत होतो. ते कुणाचे, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

पाचव्या दिवशी बाई वडिलांना घेऊन आल्या. उंच, वाकलेला माणूस, काठी घेऊन जिना चढलेला. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, मग पट्टी.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"वाकडं कापलंय."

"कात्री डावीकडे घसरते माझी."

"या टोकासाठी मी त्या सुताराला अकरा वेळा रांधा मारायला लावला होता," ते म्हणाले. "दहा वेळा पापुद्रा तुटला. अकराव्या वेळी तो मला म्हणाला, आता तुटला तर तुमच्याच डोक्यावरून फिरवीन."

"बाबा, सहीचं बघा ना," त्यांची मुलगी म्हणाली.

परवानगीचा कागद सूनबाईनं करून ठेवला होता. त्यांनी तो पूर्ण वाचला, मग वर पाहून म्हणाले, "फोटो तुमच्या पानावर लावा. पण टोकासकट लावा. आणि त्या सुताराच्या घरचं कुणी सापडतंय का बघा. त्यालाही विचारायचं राहिलंय. मीही तेव्हा विचारलं नव्हतं." मग सही केली.

कंपनीला दाखवायला मूळ चित्र आणि पट्टी बाईंना हवी होती. माझ्या पुस्तकातून एकही चित्र आजवर बाहेर गेलं नव्हतं. मी ओल्या फडक्यानं खळ सैल केली आणि काढून दिलं. कंपनीनं अजून उत्तर पाठवलेलं नाही. खोक्यांवर फोटो आहे तसाच आहे, असं बाई परवा सांगत होत्या.

तीनशे बारांपैकी एकशे चौऱ्याण्णव पट्ट्या हाती लागल्या. त्यांवरची माणसं सूनबाई शोधते आहे. नऊ जणांनी होकार दिला, एकानं नाही म्हटलं. होकार आलेली चित्रं तेवढी पानावर आहेत, पट्टीसकट. बाकीची कपाटात.

पुस्तकं मी पुन्हा बांधतो आहे. कण्यांत या वेळी कोरा कागद घातला. पट्ट्या ज्याच्या त्या चित्राखाली चिकटवल्या. सत्तेचाळीसची जागा रिकामी आहे, तिथं मी पेन्सिलीनं दोन्ही नावं लिहिली. पोस्टमन बघायला आला, चष्मा लावून बराच वेळ वाकला.

"ओळ खाली गेलीय," म्हणाला.

"डावीकडून बघ, सरळ दिसेल," मी म्हणालो, आणि तिसरा खंड शिकंज्यात घालून स्क्रू आवळायला घेतला.