गालावरचा डाग

आम्हा जुन्या सेंटवाल्यांत, म्हणजे अमेरिकेची जुनी तांब्याची सेंट नाणी जमवणाऱ्यांत, एक शिस्त आहे. हातात नाणं असताना तोंड बंद. तांबं फार नाजूक. बोलताना उडालेला थुंकीचा बारीक थेंब त्यावर बसला, की काही दिवसांत तिथे काळा डाग उठतो आणि मग काही केल्या जात नाही. लगेच धुतलं तर नाणं वाचतं. लायमन ट्रेक्सलर या बाबतीत महाकडक. नवखा कुणी भिंगातून बघता बघता नुसतं "वा!" म्हणाला, तरी हा त्याच्यावर खेकसायचा.

असा हा लायमन एका रविवारी ऑर्विल किस्टलरकडे गेला. दोघांकडे १७९४ चा सेंट, तोही एकाच ठशाचा. तेव्हा टांकसाळीत ठसे हातानं कोरत, त्यामुळे एकाच वर्षाच्या नाण्यांवरच्या बाईचे, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचे, केससुद्धा सारखे नसत. ही वेगवेगळी रूपं गोळा करण्यात आम्ही आयुष्य घालवलं, आमच्या बायकांना विचारा. क्लबाच्या मेळाव्यात एकाच ठशाची नाणी शेजारी शेजारी मांडून कुठलं जास्त चांगलं टिकलंय त्याचा क्रम लावतात. ऑर्विलचं नाणं नितळ, चॉकलेटी; लायमनचं जरा झिजलेलं. लायमन कायम दुसरा.

तर लायमन ऑर्विलचं नाणं भिंगाखाली धरून बसला होता. ऑर्विल कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होता. तेवढ्यात त्याची बायको वर्ना कॉफी घेऊन आली.

"लायमन, इतका वेळ एखाद्या खऱ्या बाईकडे बघितलं असतंस, तर आज संसार असता तुझा!"

ती खिदळली आणि लायमनलाही हसू फुटलं. भिंगात त्याला थेंब स्पष्ट दिसला, नाण्यावरच्या बाईच्या गालावर. धुवायच्या औषधाची बाटली समोरच होती. नुसतं सांगायचं होतं. पण इतरांना झापणारा मीच, आता कुठल्या तोंडानं सांगू, असं त्याला झालं. कॉफी संपली की सांगू, असं मनाशी म्हणाला आणि नाणं डबीत ठेवून दिलं. कॉफी संपली, हा घरी आला. उद्या फोन करू म्हणाला, तोही केला नाही. यंदा आपला पहिला नंबर येईल, हा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. तरी फोन केला नाहीच.

मेळाव्यात ऑर्विलच्या नाण्यावर मोहरीएवढा काळा डाग होता. लायमन पहिला आला. ऑर्विलनं मोकळेपणानं हात मिळवला.

"अभिनंदन रे. आमच्या बाईसाहेबांची कृपा! त्या दिवशी टेबलाशी येऊन खिदळली ना, त्याचा प्रसाद."

लायमननं विचारलं, "तिला बोललास की काय?"

"बोललो काय! चांगली झापली. नाण्यांचं कपाट उघडं असलं की खोलीत पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवलंय."

"आज आली नाही ती?"

"आलीय. गाडीत बसलीय. आत यायचं नाही म्हणते."

लायमन तसाच बाहेर गेला. वर्नानं काच खाली केली. जिंकलेलं नाणं अजून त्याच्या हातातच होतं. ते दिसताच तिनं पटकन तोंडावर हात धरला आणि हाताआडूनच म्हणाली, "अभिनंदन, लायमन."

ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वर्ना, तो डाग माझा. हसलो मी. थेंब पडलेला दिसला होता मला. पहिला नंबर हवा होता म्हणून गप्प बसलो."

 वर्नाच्या तोंडावरचा हात खाली आला.

"रोज माफी मागतेय मी त्याची," ती म्हणाली. "स्वतःच्या घरात दबकून बोलते. आणि तू गप्प बसलास?"

"डाग आता जायचा नाही गं. माझं नाणं देतो मी त्याला, हेच घेऊ दे."

"खड्ड्यात गेलं तुझं नाणं!" वर्ना गाडीतून उतरली आणि तिनं दार आपटलं. "चल आत. मला सांगितलंस ते सगळ्यांदेखत सांग. मी उभी राहते शेजारी. ऑर्विलचं तोंड बघायचंय मला."

लायमन गाडीपाशीच उभा राहिला. वर्ना त्याच्यासाठी थांबली नाही, सरळ आत निघाली.