भिंतीच्या अलीकडे थांबणारी गोळी

मी पिस्तुलातली एक गोळी बोलतेय. दचकू नका, मी पोलिसांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद आहे. आम्हा गोळ्यांना आवाज एकदाच फुटतो म्हणतात. माझा तोही फुटला नाही, म्हणून हे बोलणं.

पितळेचं अंग, पोटात दारू, वर शिशाचं डोकं आणि डोक्याला खळगा. मांसात शिरले की त्या खळग्यापासून मी लाहीसारखी फुलते आणि तिथेच अडकते. साळसूदपणाचा आव आणत नाही. मी माणूस पाडायलाच जन्मले. पण एकालाच. माझी चुलतबहीण गोल नाकाची, सरावाची, स्वस्तातली. ती एकीकडून शिरते, दुसरीकडून निघते आणि पुढे कोण बसलंय ते विचारत नाही.

अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका गावात वेंडेल म्हाताऱ्याचं दुकान आहे. फ्रिजमध्ये गळाला लावायची गांडुळं आणि शेजारच्या फळीवर आम्ही. तिथे डार्ला आली. शाळेच्या खानावळीत वाढणारी चाळिशीची बाई, गालावर पिवळा पडत चाललेला मार.

"मोठ्यात मोठी गोळी दे," ती म्हणाली. "ट्रॉय सहा फुटांच्या वर आहे."

"नवरा?"

"होता. कोर्टाने कागद दिलाय त्याला, लांब राहा म्हणून. त्याने आयुष्यात कधी कागद वाचलाय?"

वेंडेलने चष्मा वर केला. "घराच्या भिंती कसल्या आहेत तुझ्या?"

"चाकांवरचं घर आहे. भिंती नावाच्याच. पलीकडे आई शिंकली की मी इकडून 'देव भलं करो' म्हणते."

"मग मोठी घेऊन काय आईला मारतेस? ही घे, पोकळ तोंडाची. ती त्याच्या अंगातच राहील. गोल नाकाची सरावाला ने, घरात तिचं काम नाही."

असं तिने मला निवडलं. तेव्हा मला भारी अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? तिच्याकडे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची, गोळ्या भरलेली दोन मॅगझिन होती. आम्हा आठजणींच्या मॅगझिनला तिने खालून नखांचं लाल पॉलिश लावलं, चुकून अदलाबदल व्हायला नको म्हणून. आठांत सगळ्यांत वर मी.

तिची आई ओपल एकाहत्तर वर्षांची. दुपारी पलंगावर बसून ताकात मक्याची भाकरी कुस्करून खायची आणि टीव्हीवरच्या प्रश्नांची चुकीची उत्तरं ठणकावून द्यायची. डार्ला भिंतीतून ती दुरुस्त करायची.

शनिवारी दुपारी डार्ला खडीच्या खाणीत सराव करत होती. सरावाच्या मॅगझिनमध्ये अजून तीन गोळ्या उरल्या होत्या, तेवढ्यात फोन आला.

"ट्रॉय दार ठोकतोय," ओपल कुजबुजली. "मी आतल्या खोलीत कडी लावून बसलेय. तू येऊ नकोस गं."

"आई, हलू नकोस तिथून."

पोलिसांची गाडी चाळीस मिनिटं लांब होती. डार्लाने सरावाचं मॅगझिन उपसलं, लाल ठिपक्याचं ठोकून बसवलं आणि ट्रकमध्ये उडी मारली. घाईत एकच राहिलं. मॅगझिन काढलं तरी नळीत चढलेली एक गोळी आतच राहते; पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून ती नळी रिकामी करायची राहिली. मी वर पाहिलं तर नळीत गोल नाकाची आधीच बसलेली. मी कोणाला सांगणार?

दार चौकटीसकट आत पडलं होतं. ट्रॉयच्या हातात चाकाचा लोखंडी पाना होता. तिला पाहताच त्याने तो घातला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी पिस्तुलाच्या पोटातून ऐकला. ती फ्रिजवर आपटली.

"मला कागद पाठवतेस?" तो म्हणाला. "आधी तू, मग तुझी म्हातारी."

त्याने पुन्हा पाना उचलला. त्याच्या पाठीला आईच्या खोलीची भिंत होती. डार्लाने ती पाहिली आणि तरी ती कचरली नाही, कारण तिला माझा भरवसा होता. तिने चाप ओढला.

गोल नाकाची त्याच्या बरगडीखालून शिरली, पाठीतून निघाली आणि भिंतीतून गेली. तिच्या जागी नळीत मी येऊन बसले. ट्रॉय पोट धरून खाली बसला. बोटांमधून रक्त वाहत होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

"आई, संपलं," डार्ला म्हणाली. "देव भलं करो म्हण."

पलीकडून वाडगा पडल्याचा आवाज आला. त्या भिंतीने पहिल्यांदाच तिला उत्तर दिलं नाही.

तिने पिस्तुलासकट मला फरशीवर टाकलं आणि लाथेने कडी तोडली. ओपलच्या गळ्याखाली भोक होतं, मांडीवर ताक आणि रक्त एक झालं होतं. डार्ला मोडक्या खांद्याने दोन्ही हात त्या भोकावर दाबून बसली. पोलीस आले तेव्हाही ती दाबतच होती. आई केव्हाच गेली होती.

ट्रॉय वाचला. आरपार गेलेली गोळी माणसाला कमी फाडते.

कोर्टात ट्रॉयवरच्या खटल्यात वकिलाने टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या, एकीत चपटी झालेली ती, दुसरीत मी. "घरासाठी यातली कुठली घेतली होतीस?"

डार्लाने माझ्यावर बोट ठेवलं. "ही. ही भिंतीच्या अलीकडे थांबते."



खटला संपला की मला वितळवतील. घरात पिस्तूल ठेवणाऱ्यांनो, मला निवडून तुमचं काम संपत नाही. नळीत आधी कोण बसलंय ते बघत जा. आणि डार्ला, तुला एवढंच सांगायचं राहिलंय: मी थांबले असते गं.