विमान पडले त्या दिवशीचे दार

मी एक जुने, जाड फळ्यांचे दार आहे. मित्रांनो, मला एका सुताराने स्वतःच्या घरासाठी बनवले. रंधा मारून झाल्यावर तो बायकोला ऐटीत म्हणाला होता, "बघ, हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही!"

मग युद्ध सुरू झाले. त्यांचा एकुलता एक मुलगा विमान चालवायला शिकण्यासाठी सैन्यात गेला. शिकाऊ मुलांची विमाने रोज आमच्या शेतांवरून जात. घरघर ऐकू आली की सुतारीण हातातले काम टाकून उंबऱ्यात येई. विमान दिसेनासे होईपर्यंत ती तिथेच उभी राही.

एका दुपारी ती घरघर मध्येच अडखळली. एक विमान झाडांचे शेंडे मोडत आले आणि समोरच्या नांगरलेल्या शेतात नाक खुपसून पडले. सुतार आणि शेजारचा गवळी धावले. थोड्याच वेळात सुतार धापा टाकत परतला.

"पोरगा जिवंत आहे, पण उचलून आणायला काही नाही. दारच काढतो!"

"कोण आहे? आपला आहे का?"

"तोंड तेलाने माखलंय गं. ओळखू येत नाही."

त्याने मला बिजागऱ्यांतून उचकटले. शेतात पेट्रोलचा वास पसरला होता. "भडका उडेल, आटप!" गवळी ओरडला. त्यांनी त्या मुलाला माझ्यावर निजवले. त्याच्या अंगाची थरथर माझ्या फळ्याफळ्यांत उतरली.

अंगणात सुतारीण ओले फडके घेऊन उभी होती, पण तिचा हात पुढे होईना. शेवटी तिने डोळे मिटूनच त्याचे तोंड पुसले. मग पाहिले.

"आपला नाही," असे म्हणून ती त्याच्या शेजारी बसली.

मुलाने डोळे किलकिले केले. "आई, मी खाली आलो का?"

 सुतारणीने त्याचा हात हातात घेतला. "आलास रे बाळा. जमिनीवरच आहेस."

मागाहून आलेल्या लष्कराच्या डॉक्टरांनी त्याला माझ्यावरून हलवू दिले नाही. त्याच्यासकट मीही लष्कराच्या ट्रकमधून दवाखान्यात गेले. पुढे मला परत आणणारा ड्रायव्हर म्हणाला, "वाचला पोरगा. पाय तेवढा आखडलाय." सुतारीण हसली आणि लगेच आभाळाकडे बघू लागली.

सुताराने मला पुन्हा चौकटीत बसवले. त्यानंतर माझ्यावर कुणीही थाप मारली की सुतारीण जागच्या जागी थिजे. वाईट बातमीची तार आणणाराही थापच मारतो ना!

युद्ध संपले. एका सकाळी थाप पडली. सुतारीण घरात एकटीच होती. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली, पण कडी काही काढवेना. थापा वाढत गेल्या. अखेर बाहेरून आवाज आला, "अगं आई, मी आहे! उघड ना!"

आता मी अडगळीत पडून आहे, कडांना वाळवी लागली आहे. पण मित्रांनो, मला रंग नको, तेलही नको. घरी याल तेव्हा नुसती थाप मारू नका. आधी हाक मारा.