डावीकडची साडेतीन मिनिटं

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी डेस ट्रेगिअरनं मला डोक्यावरून ओरबाडून काढलं आणि टेबलावर आपटलं. रिमिक्स साडेतीन मिनिटांचं होतं. त्यानं एकावन्न सेकंद ऐकलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. बर्नी नावाच्या बेटावरच्या गावात, बंदरापासून दोन गल्ल्या आत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत मी राहतो. माझ्या गाद्यांचं कातडं सुटलं आहे आणि त्याचे काळे तुकडे लोकांच्या केसांत अडकतात. पण आतून मी धड आहे. ज्या कारखान्यात माझी जोडणी झाली, तिथं एका बाईनं माझ्या दोन्ही वाट्या एकाच सुरावर तपासल्या होत्या. डाव्या-उजव्यात तिळाएवढाही फरक निघाला नाही, म्हणून तर मी खोक्यात गेलो.

एकवीस वर्षं मी रेडिओ केंद्रात काम केलं. डेस तिथं आवाजाचं काम पाहायचा. बातम्या, घोड्यांच्या शर्यती, बोटींसाठी वाऱ्याचे इशारे, सगळं आधी माझ्यातून जायचं आणि मग बेटभर. केंद्र बंद झालं, तेव्हा डेसनं मला कोटाच्या खिशात कोंबून बाहेर आणलं. पुढे तो या क्लबात आला आणि मीही आलो.

इथं दर शनिवारी जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताचे वेडे जमतात. कुणीतरी घरी बसून एखाद्या गेमच्या चालीला नवा साज चढवतं आणि इकडे पाठवतं. निवडलेली रिमिक्स वर्षाच्या संग्रहात जातात. पाठवणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं. कुणाच्या घरच्या भारी स्पीकरमुळे निकाल बदलू नये म्हणून सगळे परीक्षक एकाच हेडफोनवर ऐकतात, म्हणजे माझ्यावर. आधी मुख्य परीक्षक ऐकतो. मूळ चाल निम्मा वेळ तरी कानावर पडली पाहिजे, असा नियम आहे. ती नसेल, तर तो एकटाच रिमिक्स परत पाठवू शकतो. बाकीच्यांनी ऐकायची गरज नाही. आणि ज्याचं काम तीनदा परत गेलं, त्याला क्लबाचं दार कायमचं बंद.

मुख्य परीक्षक डेस. "डेसचा कान तयार आहे," असं सगळे म्हणायचे.

एक गोष्ट मात्र फक्त मला माहीत होती. चार हिवाळ्यांपूर्वी डेसला ताप आला आणि त्याचा डावा कान गेला. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. तेव्हापासून तो प्रत्येक रिमिक्स दोनदा ऐकायचा. एकदा मला सरळ घालून आणि एकदा उलटा, म्हणजे माझी डावी वाटी त्याच्या चांगल्या कानावर यायची. लोकांना त्याचं कौतुक वाटे. काय काटेकोर माणूस आहे! मीही चार वर्षं गप्प राहिलो. मला दुसरं काय येतं?

त्या शनिवारच्या रिमिक्सचं नाव होतं 'बेडकांच्या बाजूनं'. गेम जुना, 'बेडूकखाडी' नावाचा. त्यात पिप नावाचा पोरगा काठीनं बेडूक चेचत जातो आणि दर टप्प्याला विजयाची चाल वाजते. डेसनं हा गेम आपल्या मुलाबरोबर सोफ्यावर बसून शेकडो वेळा जिंकला होता. या रिमिक्समध्ये उजव्या बाजूला मरणाऱ्या बेडकांच्या किंकाळ्या होत्या. कुणीतरी स्वतःच्या घशातून काढलेल्या, एकामागून एक. डाव्या बाजूला विजयाची तीच चाल, माउथ ऑर्गनवर, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, अगदी संथ. एक बाजू मारत होती आणि दुसरी मरत होती. रिमिक्स चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं माझं काम नाही. पण ते दोन्ही बाजूंना होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

डेसच्या वाट्याला फक्त किंकाळ्या आल्या. तो इतका भडकला, की मला उलटा घालायचंच विसरला. विसरला म्हणतो खरं, पण मला वाटतं, त्याला ऐकायचंच नव्हतं. त्यानं फॉर्मवर 'पूर्ण ऐकले' या चौकोनात खूण केली आणि लिहिलं, "मूळ चाल शून्य सेकंद. हे संगीत नव्हे, घशाचा आजार आहे. पाठवणाऱ्यानं डॉक्टर गाठावा. ज्याला कान नाहीत, त्यानं या वाटेला जाऊ नये." क्लबाच्या रिवाजाप्रमाणे ही अक्षरं जशीच्या तशी भिंतीवर लागली. लोकांनी खिमा भरलेले मीट पाय खाता खाता ती वाचली आणि सॉस सांडेपर्यंत हसले.

पुढच्या शनिवारी एक बाई जिना चढून आली. ब्रॉनी पास्को. बटाट्याच्या कारखान्यात काम करणारी, पस्तिशीची. आधी दोनदा तिचं काम परत गेलं होतं. हे तिसरं.

"तो शून्याचा कागद कुणी लिहिला?"

"मी," डेस म्हणाला. "घसा कसा आहे आता?"

खोली हसली. ब्रॉनी जागची हलली नाही.

"चाल डावीकडे आहे. पहिल्यापासून. तुम्ही ऐकलंत तरी का?"

"बाई, तीस वर्षं आवाजात काढली मी. डावीकडे काही असतं, तर माझ्या मांजरानंही सांगितलं असतं."

दुसरी परीक्षक लोर्ना कॅफ्री. डेसच्या हाताखाली शिकलेली, मान वर करून कधी न बोलणारी. तिनं मला उचललं, डोक्यावर चढवलं आणि साडेतीन मिनिटं डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "डेस, चाल आहे. सगळी आहे."

डेसनं माझ्याकडे बोट केलं.

"मग हा भंगारात गेलाय. डावी बाजू मेलीय त्याची. केव्हाचं म्हणतोय, नवा आणा."

मित्रांनो, सव्वीस वर्षं मी त्या माणसाच्या डोक्यावर होतो.

"मेली असती, तर मला कशी ऐकू आली?" लोर्ना म्हणाली. तिनं मला त्याच्या डोक्यावर सरळ बसवलं, उजवी बाजू बंद केली आणि बटण दाबलं. माझ्या डाव्या वाटीतून माउथ ऑर्गन सुरू झाला. खोली इतकी शांत होती, की गादीच्या फटीतून निसटणारी चाल पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

डेस मान ताठ ठेवून बसला होता. दहा सेकंद. वीस.

"लाव की मग," तो म्हणाला. "कशाची वाट बघतेस?"

 मग मागून केव्ह नावाच्या जाड्या माणसानं घशातून आवाज काढला, "डराव!" पहिली हसली ब्रॉनी. मग सगळे. लोर्नासुद्धा. डेस चेहऱ्यांकडे पाहत राहिला आणि त्याला कळलं. त्यानं दोन्ही हातांनी मला कानांवर घट्ट दाबलं.  मी वाजवत होतो आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

जाण्यापूर्वी त्यानं चिकटपट्टी मागितली. माझ्या डाव्या वाटीवर ती चिकटवून त्यावर लिहिलं, 'बिघडलेला'. कोट घातला आणि जिना उतरला.

मित्रांनो, तुमच्यापुढे कुणी आपलं काम ठेवलं, तर ते नावडलं तरी शेवटपर्यंत ऐका. आणि एखाद्या जुन्या वस्तूवर आळ घेण्याआधी ती एकदा दोन्ही कानांना लावून पाहा. माणसाचा कान गेला, तरी त्याच्यापुढे डराव करू नका. एवढंच मागणं आहे.

निकाल ज्यानं लिहिला, त्याच्याच सहीनं तो मागे घेता येतो. त्या दिवसानंतर तीन शनिवार गेले. डेस आलेला नाही. काल लोर्ना कोरा फॉर्म घेऊन त्याच्या घरी गेली होती. तिनं केव्हला सांगताना मी ऐकलं, की दार उघडलं, फॉर्म आत घेतला आणि दार लागलं. या वर्षाच्या संग्रहाची यादी शुक्रवारी बंद होते. ब्रॉनीचं नाव अजून तीनदा परत गेलेल्यांच्या तक्त्यावर आहे, आणि चिकटपट्टी माझ्यावर.