बाबांची कंडरा

बास्केटबॉल खेळताना भिंगरी उडी मारून खाली आली ती वाकड्या पायावर. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. पंधरा वर्षांची पोर, दोन मिनिटं एका जागी टिकायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत.

डॉक्टर म्हणाले, "नवं लिगामेंट करायला मांडीमागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, लागते. हिची फार बारीक आहे. आईची किंवा वडिलांची चालेल."

"माझी घ्या," बाप म्हणाला. तो रंगारी. त्याचं पोट शिडीवर. बायकोनं त्याला दाराबाहेर नेऊन विचारलं, "अहो, आणि शिडीचं काय?"

"शिडीचं काय? भिंतीला टेकवली की उभी राहते."

एकाच सकाळी दोघांची ऑपरेशनं झाली. मग घरी एका सतरंजीवर बापलेकीचा व्यायाम सुरू झाला. टाच सरकवायची, मांडी आवळायची, दहा मोजायचे.

"बाबा, तुम्ही सातवरून एकदम दहा म्हणालात."

"हळू बोल, आई ऐकेल."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "नऊ महिने मैदान नाही. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. आत ती कंडरा अजून जीव धरतेय."

सहाव्या महिन्यात भिंगरीचा गुडघा पूर्ण वाकू लागला. रंगाऱ्याचा पाय मात्र शिडीवर दगा द्यायचा. तो हात पोचेल तेवढीच कामं घेई. त्याच सुमारास संघाची निवडचाचणी लागली. नुसती बघून येते म्हणून भिंगरी गेली आणि न राहवून मैदानात उतरली. धावता धावता गर्रकन वळली आणि गुडघ्यात टक् झालं. पडायच्या आधीच तिला कळलं.

बाप रंगाच्या कपड्यांतच धावत आला. तिनं टॉवेलात तोंड लपवलं होतं.

"बाबा, तुमची होती ती."

"वेडी आहेस का? दिली तेव्हाच तुझी झाली."

तपासणीनंतर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कंडरा तुटली होती. पुन्हा ऑपरेशन करता येईल; पण खेळाची खात्री नाही.

"माझा दुसरा पाय आहे की," रंगारी म्हणाला.

इतका वेळ मुसमुसणाऱ्या भिंगरीनं डोळे पुसले. "नको."

"अगं, ऐक तरी..."

"नको म्हटलं ना, बाबा. मला नाहीच खेळायचं आता."

इतकं धडधडीत खोटं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. भिंत धरत ती एकटीच बाहेर निघाली. रंगारी दवाखान्यातल्या बाकावर बायकोशेजारी बसून राहिला.

"माझ्यासाठी सोडतेय का गं ती?" त्यानं बायकोला विचारलं.

तिला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "हो."

ऑपरेशनच्या वेळी हूं की चूं न केलेला तो माणूस हमसून हमसून रडला. मग बाहीनं तोंड पुसून लंगडत पोरीजवळ गेला आणि खांदा पुढे केला. तिनं खांद्यावर हात ठेवला, पण भार टाकला नाही.